टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या



आमच्या पुतणीला नोकरी लागली आणि पहिला पगार हातात पडला. घरच्यांना वाटले, आता साड्या येतील, शर्टपीस येतील, निदान पावशेर पेढे तरी येतील. तसे काहीच आले नाही. तिने आम्हा चौघांची नावे एका ‘हेरिटेज वॉक’मध्ये घालून टाकली. हेरिटेज वॉक म्हणजे काय, तर पैसे भरून पायी चालायचे आणि जुन्या इमारती बघायच्या. सोबत गाईड असतो, तो माहिती सांगत पुढे चालतो. डोई किती पैसे पडले हे तिने शेवटपर्यंत सांगितले नाही. पण आमच्या घरच्या बाईंना अंदाज आलाच. "फोर्टात चालायचे पैसे?" त्या म्हणाल्या. "मी लग्नाआधी तिथे चार वर्षे कुरिअरची पाकिटे वाटत चालले. तेव्हा मला पैसे मिळत होते!"

पुतणी, आमच्या बाई, आम्ही आणि चौथे आमचे मामा. मामांचे वय ऐंशीच्या घरात आहे. महाडकडच्या खेड्यातून ते १९६३ साली मुंबईला आले. वरळीच्या बी. डी. डी. चाळीत एका खोलीत नऊ माणसे, त्यात हे दहावे. पुढे बॅलार्ड इस्टेटमधल्या एका ऑफिसात शिपाई म्हणून चिकटले आणि रेकॉर्ड क्लार्क म्हणून निवृत्त झाले. म्हणजे फोर्ट हा त्यांच्या पायाखालचा भाग. "मला काय दाखवणार?" असे ते आदल्या रात्रीपर्यंत म्हणत होते. पण सकाळी साडेपाचला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आमच्या आधी तेच तयार!

रविवारी सकाळी साडेसातला टाऊन हॉलसमोर जमायचे होते. चौदा-पंधरा माणसे जमली. कोणाच्या गळ्यात कॅमेरा, कोणाच्या पाठीवर पिशवी. गाईड म्हणजे एक तरुण मुलगी, आर्किटेक्चर शिकलेली, आवाज खणखणीत. त्या रविवारची फेरी मराठीतून होती, ते बरे झाले.

तिने सुरुवात टाऊन हॉलपासूनच केली. हा टाऊन हॉल १८३३ साली बांधून पुरा झाला. समोरचे ते जाडजूड खांब विलायतेहून जहाजाने आणलेले. आत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय. १८०४ साली जेम्स मॅकिन्टॉश या न्यायाधीशाने मुंबईत जी लिटररी सोसायटी काढली तिचेच हे पुढचे रूप. विद्या जोपासण्यासाठी काढलेली ही संस्था, पण पहिला हिंदी माणूस तिच्यात सभासद म्हणून घेतला गेला तो १८४० साली. माणेकजी कर्सेटजी हे त्यांचे नाव. छत्तीस वर्षे लागली! ज्यांना आपण दरवाजे बंद करणारे म्हणतो त्यांचे दरवाजेही कोणीतरी बंद केलेले असतात, असा एक विचार आमच्या मनात येऊन गेला. असो.

"आता आपण वर जाऊ," गाईड म्हणाली. पायऱ्या तीस आहेत. आम्ही मामांच्या दंडाला हात लावला, त्यांनी तो झटकला. दहाव्या-बाराव्या पायरीवर मात्र ते थांबले. आम्हाला वाटले, दम लागला. तर ते बोट दाखवून म्हणाले, "इथे. ह्या पायरीवर मी डबा खायचो."

बॅलार्ड इस्टेटपासून टाऊन हॉल म्हणजे पाच मिनिटांची वाट. ऑफिसात शिपायांना बसायला बाकडे एकच, आणि त्यावर आधी कोण बसणार याचे काही अलिखित नियम होते. ते नियम मामांनी आजवर आम्हाला सांगितलेले नाहीत आणि आम्हीही विचारले नाहीत. तेव्हा डबा घेऊन ते या पायऱ्यांवर येत. भाकरी, सुकट, कधी नुसता कांदा. बावीस वर्षे! आणि वरच्या दारातून आत? "आत कशाला जाईन? परवानगी लागत असेल असे वाटायचे. कोणी लागते म्हणाले नाही, पण कोणी लागत नाही असेही म्हणाले नाही."

गाईडने आतल्या वस्तूंची माहिती सुरू केली. दान्ते या इटालियन कवीच्या महाकाव्याचे जुने हस्तलिखित येथे आहे. ते विकत घ्यायला मुसोलिनीने मोठी रक्कम देऊ केली होती असे सांगतात. कॅमेरेवाले खूश झाले. मग ती जाता जाता म्हणाली, "शिवाय जुनी नाणी आहेत, सोपाऱ्याच्या स्तूपातले अवशेष आहेत," आणि खाली उतरायला लागली.

आम्ही म्हटले, "ताई, थांबा. सोपाऱ्याचे जरा नीट सांगा ना."

मुलगी चांगली होती. थांबली, आणि तिला माहिती होते तेवढे तिने सांगितले. उरलेले आम्ही सांगितले. वाचकांसाठी ते येथे सविस्तर देतो, कारण नालासोपाऱ्याला आपली शेकडो कुटुंबे राहतात आणि रोज लोकलने त्याच स्टेशनावर चढतात-उतरतात.

सोपारा हे फार जुने बंदर. त्याचे नाव शूर्पारक. मुंबई हे नावही कोणाला ठाऊक नव्हते तेव्हा तिथे परदेशची जहाजे लागत. बौद्ध कथांतला पूर्ण नावाचा व्यापारी याच गावचा. भगवान बुद्धांकडे जाऊन तो भिक्खू झाला. आजच्या नालासोपारा पश्चिमेला एक मोठे टेकाड होते. गावातले लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरले. हे भगवानलाल मूळ जुनागढचे. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली त्यांनी काम केले होते. लेणी-लेणी हिंडून शिलालेखांचे ठसे घेण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांच्या लक्षात आले की हा कोट नव्हे, हा विटांचा स्तूप आहे.

स्तूपाच्या पोटात दगडाची गोल पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक होता आणि त्याच्या भोवती ब्राँझच्या आठ लहान मूर्ती मांडलेल्या होत्या, सात बुद्धांच्या आणि आठवी मैत्रेयाची. तांब्याच्या आत चांदीचा करंडक, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वात आत सोन्याचा. सोन्याची फुलेही होती. आणि त्या सोन्याच्या डबीत काय ठेवले होते? हिरे नव्हेत, माणके नव्हेत. मातीच्या भांड्याचे बारीक बारीक तुकडे. भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते श्रद्धेने जपलेले होते. हा सगळा ठेवा एशियाटिक सोसायटीकडे आला. म्हणजे या टाऊन हॉलमध्ये.

मामांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "कधीपासून इथे आहे?"

"शंभर वर्षांहून जास्त झाली, आजोबा."

"म्हणजे मी डबा खात होतो तेव्हा पण?"

"हो."

ते वर बंद दाराकडे बघत राहिले. एवढ्या सकाळी ग्रंथालय उघडलेले नव्हते. आमच्या बाईंनी त्यांना पाण्याची बाटली दिली. ती त्यांनी हातात धरली, पाणी प्यायले नाहीत. मग मुकाट्याने, एकेक पायरी बघत खाली उतरले.

समोर हॉर्निमन सर्कल. १८७२ साली हा गोल पुरा झाला, तेव्हा नाव एलफिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव दिले. हा गोरा माणूस हिंदी लोकांच्या बाजूने लिहीत असे म्हणून सरकारने त्याला १९१९ साली हद्दपार केले होते. त्याआधी इथे मोकळे मैदान होते आणि कापसाचा व्यापार चाले. गाईडने अमेरिकेतल्या यादवी युद्धाची गोष्ट छान रंगवून सांगितली. १८६१ ते १८६५ अमेरिकेचा कापूस बंद पडला, विलायतेच्या गिरण्या आपल्या कापसावर चालल्या, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. या सगळ्या देखण्या इमारती त्या काळाच्या आगेमागे उठल्या. कोटाच्या भिंतीही त्याच दिवसांत पाडल्या. फोर्ट हे नाव त्या कोटावरून, आणि चर्चगेट हे नाव कोटाच्या तीन दरवाजांपैकी जो सेंट थॉमस चर्चकडे होता त्याच्यावरून. ते चर्च १७१८ सालचे, अजून उभे आहे. लोकलच्या इंडिकेटरवर आपण रोज ‘चर्चगेट’ वाचतो. पण गेट कुठले आणि चर्च कुठले हे आम्हालाही त्या दिवशीच नीट कळले.

कापसाचा विषय निघाला तेव्हा मामांची जीभ सुटली. "ताई, कापसाने शेठलोक मोठे झाले, हे तुम्ही बरोबर सांगितले. आता गिरणीचे सांगू? आमच्या लोकांना विणकाम खात्यात घेत नसत. रिंग खात्यात घेत. का? तर विणकाम खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. आमच्या तोंडचा धोटा दुसऱ्याने कसा तोंडाला लावायचा!" विणकाम खात्यात पगार जास्त होता, हेही त्यांनी सांगितले. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. एका कॅमेरेवाल्या गृहस्थांनी विचारले, "खरेच?" मामा म्हणाले, "माझ्या वडिलांच्या चुलत्याला विचारा. पण आता ते नाहीत."

गाईडने वहीत काहीतरी टिपून घेतले. हे आम्हाला आवडले. सांगणाऱ्याने ऐकूनही घ्यावे.

मागच्या बाजूला टांकसाळ आणि तिच्या पलीकडे गोदी. गोदीकडे ही फेरी जात नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी, म्हणजे ऐन जयंतीच्या दिवशी, व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ नावाच्या बोटीचा स्फोट झाला. बोटीत एकीकडे दारूगोळा, दुसरीकडे कापसाच्या गाठी, आणि शिवाय सोन्याच्या विटा! शेकडो माणसे गेली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले. म्हणून सगळ्या देशात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. मामांच्या चाळीत एक म्हातारे गोदी कामगार होते. जयंतीच्या मिरवणुकीत सगळे नाचत असताना ते चार वाजता बाजूला होऊन थोडा वेळ बसत. का बसतात हे मामांना पुष्कळ वर्षांनी कळले. पहिला स्फोट चारच्या सुमाराला झाला होता.

चालत चालत आम्ही फ्लोरा फाउंटनला आलो. फुलांच्या रोमन देवतेचा हा कारंजा १८६४ चा. शेजारी हुतात्मा स्मारक, हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे मोर्च्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. संयुक्त महाराष्ट्र समितीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनही होते, हे आपल्या मुलांना सांगावे लागते, कारण शाळेत सांगतीलच असे नाही.

इथे खरा प्रसंग घडला. गाईडने हात डावीकडे केला, काळा घोडा तिकडे. मामांचे पाय उजवीकडे वळले, डी. एन. रोडकडे.

"आजोबा, आपल्याला इकडे जायचे आहे."

"पोरी, पाच मिनिटे. तिथे आमचे कॉलेज आहे."

मुलगी गडबडली. "ते आमच्या यादीत नाही हो. वेळेचे गणित असते." एका गृहस्थांनी मनगटावरचे घड्याळ बघितले. एक बाई म्हणाल्या, "आम्ही इथे थांबतो, तुम्ही जाऊन या." आम्हाला संकोच वाटला. पैसे सगळ्यांनी भरलेले, एकट्यासाठी सगळ्यांना कशाला वळवायचे? आम्ही मामांना म्हणणारच होतो की आपण नंतर येऊ. पण पुतणीने आमच्या आधी तोंड उघडले. "ताई, तुम्ही सकाळपासून ज्या इमारती दाखवल्या त्या कोणी बांधल्या ते सांगितले. या इमारतीत शिकलेला माणूसच आपल्याबरोबर आहे. त्याचे ऐकायला पाच मिनिटे नाहीत का?"

गाईडने एकदा तिच्याकडे बघितले, एकदा मामांकडे. आणि म्हणाली, "चला सगळे."

वाचकहो, बुद्ध भवन आणि आनंद भवन तुम्ही पाहिले असतील. नसतील तर पुढच्या वेळी सी.एस.एम.टी.ला उतरलात की डी. एन. रोडने चालत या. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. सुरुवात मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकींत. मग फोर्टात, जिथे जागेला सोन्याचा भाव, तिथे बाबासाहेबांनी कॉलेजसाठी इमारती मिळवल्या. गावकुसाबाहेरचे कॉलेज त्यांना नको होते! सकाळचे वर्ग ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्याला आधी शिकून मग कामावर जाता येईल. बाबासाहेबांच्या संग्रहातली पुष्कळ पुस्तके इथल्या ग्रंथालयात आली, त्यांच्या हातच्या खुणा असलेली.

रविवार म्हणून दार बंद होते. वॉचमन स्टुलावर बसून पेपर वाचत होता. फूटपाथवर पंधरा माणसे आणि मधे मामा. त्यांना भाषणाची सवय नाही. त्यांनी आधी शर्टाचे वरचे बटण लावले.

"मी वरळीहून पहाटे निघायचो. पहिल्या वर्षी ट्राम होती, १९६४ ला ती बंद झाली. मग बस. पैसे नसले की पायी. साडेदहाला ऑफिस. वर्गात निम्मे नोकरीवाले, कोणी गोदीतला, कोणी पोस्टातला, कोणी मिलमध्ये रात्रपाळी करून थेट आलेला. त्याला झोप यायची. आमचे एक सर होते, ते त्याला उठवत नसत. वर्ग संपला की त्याच्या वहीत स्वतःच्या हाताने मुद्दे लिहून देत."

मग ते थांबले. आम्हाला वाटले, संपले.

"मी इंटरची परीक्षा दिली नाही. वडील वारले. दोन धाकटे भाऊ मुंबईला आणले. सकाळचे कॉलेज सोडले आणि सकाळी आरेच्या दूध केंद्रावर लागलो. भाऊ शिकले. एक बँकेत लागला, एक मास्तर झाला. फी मी भरली होती. सरांनी दोन वेळा माणूस पाठवला. मी घरी नाही असे सांगायला लावले."

आम्ही या माणसाच्या मांडीवर वाढलो. आमच्या अकरावीच्या फीचे पैसे याच माणसाने दिले. पण परीक्षेची ही गोष्ट आम्ही त्या दिवशी, अनोळखी माणसांच्या घोळक्यात, पहिल्यांदा ऐकली. आम्हाला सगळे समजत होते की मामा ‘इंटर झालेले’ आहेत. ते कधी हो म्हणाले नव्हते, कधी नाही म्हणाले नव्हते.

घड्याळ बघणारे गृहस्थ पुढे आले. त्यांनी मामांना त्या दारासमोर उभे करून फोटो काढला. मग म्हणाले, "माझे वडीलही सकाळच्या कॉलेजात शिकले. दुसऱ्या." एवढेच बोलले. पण पुढची सगळी फेरी ते मामांच्या बाजूनेच चालले.

इथून पुढचे आम्ही भराभर सांगतो, कारण आमचे निम्मे लक्ष मागेच राहिले होते. ओव्हल मैदानाच्या कडेने हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर. या रस्त्याला कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव आहे, ते गाईडने सांगितले नाही, आम्ही सांगितले. बाबासाहेब १९२३ साली याच हायकोर्टात वकिली करू लागले. मैदानाच्या एका बाजूला हे उंच टोकदार दगडी काम आणि समोरच्या बाजूला १९३० नंतरच्या गोलगोल गॅलऱ्यांच्या इमारती. त्या मिळून ९४ इमारतींना युनेस्कोने २०१८ साली जागतिक वारसा ठरवले. राजाबाई टॉवर २८० फूट उंच, १८७८ साली पुरा झाला. पैसे प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याचे, नाव त्यांच्या आईचे. आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट यांचा. हे साहेब मुंबईला कधी आलेच नाहीत! टॉवरवर पश्चिम भारतातल्या चोवीस जातीजमातींचे पुतळे आहेत. ते मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याने घडवले.

"चोवीस?" आमच्या बाई म्हणाल्या. "त्यात आपले कोणी चढवले आहे का?" पुतणीने मोबाईलचा कॅमेरा ताणून ताणून पाहिले. पागोटे दिसले, मिशी दिसली. मामा म्हणाले, "पुतळा सोड. तो दगड एवढ्या उंच कोणाच्या डोक्यावरून गेला ते विचार." कामाठीपुऱ्याला नाव कशावरून पडले, तर बांधकामावर राबायला आलेल्या कामाठी लोकांवरून. खाणीत दगड फोडणारे, घडवणारे, पाट्या वाहणाऱ्या बाया. त्यांच्या नावाची पाटी या रस्त्यावर कुठे दिसली नाही.

शेवटी काळा घोडा. खरा काळा घोडा म्हणजे एडवर्ड राजाचा पुतळा, तो १९६५ साली भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. आता आहे तो २०१७ चा, त्याच्यावर स्वारच नाही. समोर एलफिन्स्टन कॉलेज. बाबासाहेबांनी १९०८ साली इथे प्रवेश घेतला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती, ती केळुसकर गुरुजींच्या खटपटीने मिळालेली. कॉलेजच्या हॉटेलवाल्याने त्यांना चहाच काय, पाणीही दिले नाही असे धनंजय कीरांनी चरित्रात नोंदवले आहे. आणि मुल्लर नावाच्या प्रोफेसरांनी पुस्तके दिली, कपडे दिले, हेही नोंदवले आहे. दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात, एकच सांगू नये.

फेरी म्युझियमच्या फाटकाशी संपली. सोपाऱ्याला सापडलेल्या अशोकाच्या शिलालेखाचा खंड या म्युझियमच्या संग्रहात आहे. भगवानलाल यांना १८८२ साली सोपाऱ्यात जो तुकडा मिळाला तो आठव्या लेखाचा. योगायोग बघा, तो लेख फिरण्याबद्दलच आहे! सम्राट अशोक सांगतो की पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी फिरत. मी मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केली. या यात्रेत काय करायचे? श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, म्हाताऱ्या माणसांना भेटायचे, दान द्यायचे, आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून त्यांच्याशी बोलायचे. आम्ही हे सांगितले तेव्हा गाईड हसून म्हणाली, "मग आज आजोबांमुळे ते झाले." निघताना तिने मामांना वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला. मामांनी तिला वरच्या वर धरले आणि हात जोडून जयभीम केला. तिनेही जयभीम म्हटले, जरा अडखळत.

ज्यांना जायचे असेल त्यांनी पैसे भरूनच गेले पाहिजे असे काही नाही. रविवारी सकाळी फोर्ट रिकामा असतो. चर्चगेटला किंवा सी.एस.एम.टी.ला उतरावे, साध्या चपला, पाण्याची बाटली, मुलांच्या हातात वही-पेन्सिल. बाहेरून बघायला कोणी अडवत नाही. आतून बघायचे तर कामाच्या दिवशी, आधी चौकशी करून जावे. घरातले जे कोणी म्हातारे माणूस फोर्टात, गोदीत, पोस्टात राबलेले असेल त्याला बरोबर न्यावे आणि पुढे चालू द्यावे.

आता मामांचे काय झाले ते सांगतो. घरी आल्यावर ते जेवले आणि झोपले नाहीत. फुलस्केप कागद मागितला. ‘मा. मानद सचिव, एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई, टाऊन हॉल, फोर्ट’ असे जुन्या क्लार्की अक्षरात लिहिले. खाली विषय : सोपारा येथील अवशेषांच्या दर्शनाबाबत. मग ‘दर्शनाबाबत’ खोडून ‘पाहण्याबाबत’ केले. "आपण बघायला चाललो आहोत, नवस फेडायला नाही." मजकूर तीन वेळा बदलला. बावीस वर्षे पायरीवर डबा खाल्ल्याचे एकदा लिहिले, एकदा काढले, शेवटी ठेवले. पिनकोड पुतणीला विचारून घातला. खाली सही केली, पत्ता लिहिला. सहीखाली थोडी जागा उरली होती. तिथे त्यांनी न थांबता लिहिले : माजी विद्यार्थी, सिद्धार्थ कॉलेज.